कंपवात आणि झोप: रात्रीचा डोस कमी करायचा की वाढवायचा?

नाशिकची लेक

बाबांचा कंपवात, म्हणजे पार्किन्सन, नऊ वर्षांचा. मागच्या दिवाळीपासून त्यांची झोप पार उडाली. रात्री एकला डोळे उघडायचे आणि मग खोलीत माणसं दिसायची. "कोपऱ्यात तात्या बसलाय, त्याला चहा दे," म्हणायचे. तात्याकाकांना जाऊन वीस वर्षं झाली. आम्ही आधी सगळे करतात तेच केलं, जवळच्या डॉक्टरांकडून झोपेची गोळी लिहून आणली. झोप काही आली नाही, सकाळी जीभ मात्र जड व्हायला लागली.

मग मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना मी दिवसभरातल्या सगळ्या गोळ्या वेळेसकट एका कागदावर लिहून नेल्या. त्यांनी कागद बघताच दोन ठिकाणी गोल केले. सेलेजिलिन आणि अमँटाडिन ही कंपवाताचीच औषधं; सेलेजिलिनची दुसरी गोळी आम्ही संध्याकाळी सहाला देत होतो आणि अमँटाडिन रात्री जेवणानंतर. दोन्ही सकाळ-दुपारवर आणल्या, प्रॅमिपेक्सॉल हे कंपवाताचं आणखी एक औषध थोडं थोडं करून उतरवलं. तीन आठवड्यांत तात्याकाका यायचे थांबले. बाबा आता सलग पाच तास झोपतात.

म्हणून माझं ठाम मत आहे की झोप बिघडली तर आधी औषधांकडे बघा. संध्याकाळ जितकी हलकी तितकी रात्र चांगली. नवी गोळी वाढवण्याआधी जुनी कमी होते का, हे विचारा. तुमचं काय म्हणणं?

बेळगावकर

ताई, बाबांना आराम पडला हे वाचून खरंच बरं वाटलं. पण "संध्याकाळ हलकी" हे वाचून मला गप्प बसवेना. याच सल्ल्यापायी माझ्या बायकोने आठ महिने हाल काढले.

रात्री मेंदूची औषधं देऊ नका, असं घरातल्याच एका वडीलधाऱ्याने सांगितलं आणि आम्ही ऐकलं. कंपवाताची मुख्य गोळी लेव्होडोपा, ती शेवटची संध्याकाळी सातला. तिला टिकवणारी कार्बिडोपा सोबत असली तरी लेव्होडोपा दीडेक तासात रक्तात निम्म्यावर येते. मग रात्री दोनला अंगात उरणार काय? तिला कूस वळता येत नव्हती. पायाची बोटं आत वळून पेटके यायचे, लघवीला जायचं असायचं आणि उठता यायचं नाही. मला उठवायला नको म्हणून ती तशीच पडून राहायची. एका सकाळी उशी भिजलेली दिसली तेव्हा मला कळलं.

डॉक्टरांनी रात्री दहाला सावकाश सुटणारी गोळी सुरू केली. गादीच्या मधोमध सॅटिनचा पट्टा घातला, त्यावरून अंग सरकतं आणि वळायला जोर कमी लागतो. आता ती चारपर्यंत झोपते. आमच्याकडे झोप परत आली ती औषध वाढवून.

आणखी एक. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्यात झोप फार बिघडते असं नोंदवलं आहे. लेव्होडोपाचा उपचार आला तो १९६० च्या दशकाच्या शेवटी. मधल्या दीडशे वर्षांत या लोकांची झोप कुठल्या गोळीने मोडली?

दुकानदार काका

औषधाच्या दुकानात माझी एकतीस वर्षं गेली. दोघांचंही अर्धं बरोबर आहे आणि भांडण होतंय ते "औषध" हा एकच शब्द वापरल्यामुळे. कंपवाताच्या गोळ्या एका जातीच्या नसतात.

सेलेजिलिन शरीरात गेल्यावर तिचे जे घटक होतात ते अँफेटॅमिनच्या कुळातले, म्हणजे जागं ठेवणारे. म्हणून ती सकाळी आणि दुपारी. रासाजिलिन त्याच कामाची, पण तिचे असे घटक होत नाहीत. अमँटाडिनने झोप उडते आणि स्वप्नं भडक पडतात. वयस्कर माणसाला ट्रायहेक्सिफेनिडिल देत असाल तर विसरभोळेपणा आणि भास यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. प्रॅमिपेक्सॉल आणि रोपिनिरोल यांची तऱ्हा वेगळी, दिवसा पेंग आणि रात्री काहींना भास. लेव्होडोपाचंही मापावर आहे, थोडी असेल तर गुंगी येते, जास्त झाली तर माणूस टक्क जागा.

आता रागाने एक सांगतो. हे वाचून कोणी आज रात्रीपासून स्वतःच्या मनाने गोळी बंद करेल, ते करू नका. लेव्होडोपा एकदम तोडली तर अंग लाकडासारखं कडक होऊन जबर ताप चढू शकतो, जिवावर बेततं. प्रॅमिपेक्सॉल एकदम बंद केलं तर घालमेल, घाम, घबराट. ताईंनी "थोडं थोडं करून" लिहिलंय ते तीन शब्द पुन्हा वाचा.

ठाण्याची शुभंकर

मी शुभंकर, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणारी, आणि माझा मुद्दा तुमच्या कुणाच्याच कप्प्यात बसत नाही. यांचे हात थरथरायला लागले त्याच्या सहा वर्षं आधीपासून हे झोपेत लाथा मारायचे, ओरडायचे, एकदा माझ्या गालावर ठोसा बसला. तेव्हा एकही गोळी चालू नव्हती. स्वप्न पडत असताना स्नायू सैल पडायला हवेत, ते पडत नाहीत आणि माणूस स्वप्न अंगाने जगतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं स्पष्ट वर्णन १९८६ मध्ये केलं. कंपवाताच्या कितीतरी वर्षं आधी हे दिसू शकतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर नातेवाइकांनी बाधा झाली इथपर्यंत मजल मारली होती.

क्लोनाझेपाम या गुंगी आणणाऱ्या गोळीने लाथा थांबल्या. पण पहाटे तीनला बाथरूमला जाताना हे धडपडले, कपाळाला चार टाके. मग मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या गोळीवर आणलं. झोप पूर्वीइतकी शांत नाही, पण तोल राहतो. नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी ही स्वप्नं आणखी वाढतात, तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

मिरजेचा मुलगा

ठाण्याच्या ताई, क्लोनाझेपामबद्दल असं लिहू नका, लोक घाबरतात. माझे वडील झोपेत पलंगावरून थेट खिडकीकडे धावले होते. पाव मिलिग्रॅममध्ये आमचं घर झोपायला लागलं, दोन वर्षं झाली, एकदाही पडले नाहीत. पलंग खाली आणला, बाथरूमपर्यंत रात्रभर दिवा ठेवला, उशाशी लघवीचं भांडं. पडण्याची भीती असेल तर वाट सुरक्षित करा, उपयोगी पडलेली गोळी का सोडायची?

ठाण्याची शुभंकर

दादा, तुमच्या वडिलांचा तोल दिवसा चांगला असेल. यांचा दिवसाही जातो, उभं राहिलं की रक्तदाब उतरतो. दिवा लावून ते थांबलं नसतं.

नाशिकची लेक

काकांचं पटलं, "औषध" म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवलं ही माझी चूक. बेळगावकर दादा, वहिनींचं वाचून मन कसंनुसं झालं. तरी मी माझं म्हणणं पूर्ण सोडणार नाही. आमच्याकडेही एकदा रात्री लेव्होडोपा वाढवून पाहिली, तर बाबांचे हातपाय मध्यरात्रीपर्यंत नागासारखे वळवळत राहिले. वाढवून बघा हा सल्लाही प्रत्येकाला लागू नाही. आणि दिवसाच्या पेंगेबद्दल कोणीच बोलत नाही. प्रॅमिपेक्सॉलवर बाबा तोंडात घास असताना झोपायचे.

खडू आणि फळा

मी शुभार्थी आहे, म्हणजे कंपवात मला स्वतःलाच आहे. वय अठ्ठावन्न, शाळेत गणित शिकवतो, आजार सहा वर्षांचा. इथे सगळे घरचे लिहितायत, म्हणून मला लिहावंसं वाटलं.

मी रोपिनिरोल घेतो. दुपारी दोनला मला झोप ओढून नेते, कधी कधी काही सूचना न देता. अशा गोळ्यांवरची माणसं गाडी चालवता चालवता झोपी गेल्याच्या नोंदी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हापासून डॉक्टर हा प्रश्न विचारतात. मलाही विचारला. मी त्याच दिवशी स्कूटरची किल्ली मुलीच्या हातात दिली आणि आता रिक्षाने जातो. त्याचं वाईट वाटतं, रोज वाटतं.

पण गोळी कमी करायला मी नकार दिला. ती आहे म्हणून अकराच्या तासाला मी फळ्यावर सरळ रेघ काढतो. कमी केली तेव्हा दुपारी जागा होतो आणि हातात खडू धरता येत नव्हता. ताई, तुम्ही बाबांच्या झोपेचं मनापासून केलंत. गोळी उतरवण्याआधी त्यांना विचारलं होतंत का, की त्यांना दिवसाचा कुठला तास हवा आहे?

नाशिकची लेक

सर, भास होत होते तेव्हा विचारण्यासारखी परिस्थिती नव्हती. नंतरही विचारलं नाही, हे खरं. आज संध्याकाळी विचारलं. म्हणाले, सकाळी दाढी स्वतः करता यायची ती आता येत नाही. प्रॅमिपेक्सॉल उतरवल्यापासूनच. मला वाटत होतं आजार वाढला.

बेळगावकर

ताई, सकाळच्या पहिल्या गोळीची वेळ बघा. आम्ही घड्याळाचा गजर लावून साडेपाचला देतो, नुसत्या पाण्याबरोबर, दूध-नाश्ता नंतर. दुधातल्या प्रथिनांनी लेव्होडोपा शोषली जायला अडचण होते. अर्ध्या-पाऊण तासाने ही स्वतःची वेणी घालते. डॉक्टरांना विचारून मग करा.

नाशिकची लेक

आम्ही दुधाबरोबरच देतो. गुरुवारी दाखवायला जायचंय, कागदावर हेही लिहिते.