मदत हवी आहे: म्योडलारॉयटला गाडीशिवाय कसं जायचं?

नमस्कार मंडळी, मी न्युर्नबर्गला राहते. पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, त्यांना म्योडलारॉयट दाखवायचंच आहे.

जेमतेम पन्नास वस्तीचं हे गाव. मधून टानबाख ओढा वाहतो, लहान मूलसुद्धा उडी मारून ओलांडेल एवढाच. पण 1810 पासून हीच हद्द: एका काठाला बायर्न (बव्हेरिया), दुसऱ्या काठाला आजचं थ्युरिंगेन राज्य. 1949 नंतर तीच पश्चिम आणि पूर्व जर्मनी या दोन देशांची सीमा झाली. 1952 मध्ये लाकडी कुंपण आलं, 1966 मध्ये 700 मीटर काँक्रीटची भिंत. पलीकडून कुणी हात केला तरी पूर्वेकडच्यांना उलट हात करायची बंदी! शेजारीच होते हो ते. 9 डिसेंबर 1989 ला वाट खुली झाली. भिंतीचा तुकडा आणि टेहळणी मनोरा अजून आहे, गावात संग्रहालयही आहे.

जवळच्या होफ शहरापर्यंत ट्रेनने जाऊ, पण पुढे काय? शनिवारी बस मिळते का, की टॅक्सीच करावी? बाबांचे गुडघे दुखतात, तिथे चढ किती आहे? आणि 1810 च्या आधीचा गावाचा नकाशा कुठे बघायला मिळेल? कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.