जेनेटिक्स माहीत नसताना माणसाने पिकं एवढी बदलली कशी?

कोंभ:
मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे, त्याच्या कणसाचा फोटो पाहिला आणि चक्रावलोच. बोटाएवढं कणीस, त्यात जेमतेम पाच ते बारा दाणे आणि प्रत्येक दाणा टणक कवचात बंद. यापासून मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात साधारण ९००० वर्षांपूर्वी मका घडायला लागला म्हणे. मला हे कळत नाही की हे कोणी ठरवून केलं का आपोआप होत गेलं? आणि याच पिकांच्या जिवावर शहरं, राज्यं उभी राहिली, तर निदान माणसाचं खाणं तरी सुधारलं का? जरा सविस्तर सांगा.

ओंबी_लोंबी:
सुरुवात बहुतेक नकळत झाली. रानटी गहू पिकला की ओंबी सुटी होऊन दाणे खाली झडतात, झाडाला तेच हवं असतं कारण पुढची पिढी तिथूनच उगवणार. पण अधूनमधून एखादं रोप असं निघतं की ज्याची ओंबी तुटतच नाही, रानात अशा रोपाचा वंश बुडालाच समजा. माणूस विळा घेऊन आला की मात्र सगळं उलटं होतं, झडलेले दाणे मातीत जातात, न झडलेले घरी येतात आणि त्यातलंच बी पुढच्या हंगामात पेरलं जातं. हिलमन आणि डेव्हिस या संशोधकांनी १९९० मध्ये हिशोब मांडला होता की कापणी योग्य पद्धतीने होत राहिली तर २०० वर्षांच्या आत सगळं पीक न झडणारं होऊ शकतं. प्रत्यक्षात उत्खननात सापडलेले ओंब्यांचे जळके तुकडे पाहिले तर दोन-तीन हजार वर्षं लागलेली दिसतात.

हे ओळखतात कसं तेही भारी आहे. ओंबीच्या सांध्यावरचा व्रण गुळगुळीत असेल तर दाणा आपोआप गळलेला म्हणजे रानटी, आणि फाटल्यासारखा खरखरीत असेल तर तो मळणी करून काढावा लागलेला.

मक्याचं म्हणाल तर दाण्याभोवतीचं कवच जाण्यामागे मुख्यतः एकच जीन आहे, म्हणजे तो बदल दिसताक्षणी लोकांनी उचलला असणार. कणीस मोठं होणं मात्र हजारो वर्षं चाललं.

शिधा:
खाणं सुधारलं का म्हणाल तर माझं उत्तर बऱ्याच अंशी नाही असं आहे. निवड झाली ती एकदम पिकणाऱ्या, कापायला सोप्या आणि वर्षभर टिकणाऱ्या दाण्याची, पोषण हा मुद्दाच नव्हता. असा दाणा मापता येतो, कोठारात भरता येतो, त्यावर कर बसवता येतो, म्हणूनच मेसोपोटेमियात मजुरांना बार्लीचा शिधा देऊन एवढी मोठी कामं उभी राहिली. शरीराने त्याची किंमत मोजली. सीरियातल्या अबू हुरेरा या प्राचीन वस्तीत सापडलेल्या माणसांच्या हाडांमध्ये पायाची बोटं आणि गुडघे झिजलेले दिसतात, विशेषतः बायकांचे, कारण रोज तासन्‌तास गुडघ्यावर बसून धान्य दळायचं.

आणि मक्याची गोष्ट तर मला फार लागते. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, त्यामुळे त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळायचं. मका युरोपात गेला तो एकटाच, चुन्याची रीत मागेच राहिली. मग उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात ज्या गरिबांचं पोट मक्यावरच होतं त्यांना पेलाग्रा हा रोग झाला, कातडी सोलायची, भ्रम व्हायचा, माणसं मरायची. नायसिनने तो बरा होतो हे कळायला १९३७ साल उजाडलं.

कोंभ:
चुन्याचं हे माहीतच नव्हतं, थँक्यू. म्हणजे बी गेलं पण ज्ञान गेलं नाही. बटाट्याचंही असंच काही झालं का? आयर्लंडचा दुष्काळ एवढाच संदर्भ माहितेय.

ओंबी_लोंबी:
हो, तिथे वैविध्य मागे राहिलं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, म्हणजे बटाट्याच्या मूळ प्रदेशातले शेतकरी एकाच शेतात अनेक वाण लावायचे. आयर्लंडमध्ये गरीब लोक मुख्यतः लंपर हे एकच वाण लावत होते आणि बटाटा तुकड्यांपासून लावतात, म्हणजे शेतातली सगळी झाडं एकसारखीच. १८४५ मध्ये करपा आला तो सगळीकडे एकदमच पसरला. जवळपास १० लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. अर्थात धान्य तेव्हाही देशाबाहेर जातच होतं, त्यामुळे सगळा दोष बटाट्यावर टाकणं मला मान्य नाही.

कडूगोड:
शिधा, तुमचं बाकी पटलं पण पोषण हा मुद्दाच नव्हता म्हणून लोक नुसती पोती मोजत होते असं वाटायला नको. रानटी बदाम कडू असतो, मूठभर खाल्ला तरी सायनाइडची बाधा होऊ शकते, तरी कोणीतरी चाखून गोड झाडं वेगळी ओळखली आणि तीच वाढवली. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही सगळी एकाच प्रजातीची झाडं आहेत, कुणी पान निवडलं, कुणी फुलाचा गड्डा, कुणी खोड. ही जिभेची आणि नजरेची निवड आहे. उलट कसावाचे (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात ते पीक) कडू वाण ॲमेझॉनमधल्या लोकांनी मुद्दाम राखले, कारण विषारी कंदाला जनावरं, किडे कमी लागतात, आणि तो किसून, पिळून, भाजून विष काढायची पद्धत त्यांनी स्वतःच बसवली होती. तिथे कंद वर्षभर जमिनीतच ठेवता येतो, लागेल तसा काढायचा, त्यामुळे कर वसूल करणाऱ्याला मोजायला कोठारच नाही.