थायलंडच्या रोजच्या रीती आणि आपली उडालेली भंबेरी (अनुभव येऊ द्या)

काल लेकीच्या अठराव्या वाढदिवसासाठी लाल सरबताच्या बाटल्या आणल्या. एकीत स्ट्रॉ खोचली आणि ओट्यापाशीच हसत सुटले.

बँकॉक, 2011. नवऱ्याची बदली होऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. इमारतीच्या फाटकाशी खांबावर एक देऊळ, बाहुलीच्या घराएवढं. समोरच्या बुटक्या टेबलावर झेंडूच्या माळा, उदबत्त्या, खेळण्यातले झेब्रे (हो, झेब्रे! का ते अजून नीट कळलेलं नाही) आणि लाल फँटाची उघडलेली बाटली, आत स्ट्रॉ. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. मी भाजीच्या पिशव्या सावरतेय तोवर आमच्या चार वर्षांच्या बाईंनी निम्मी बाटली संपवलेली.

वॉचमनकाका धावत आले. म्हटलं, झालं आता, उद्या घर खाली करा म्हणतील. काका तिच्यासमोर उकिडवे बसले, तिच्या लाल मिशा बघून हसले, मग देवळाकडे तोंड करून हात जोडून बराच वेळ काहीतरी पुटपुटले. कोपऱ्यावरून नवी बाटली आणली, झाकण काढलं, स्ट्रॉ घातली, ठेवली. मी पैसे पुढे केले तर हात हलवून "माय पेन राय", म्हणजे असू द्या हो. शेजारणीने नंतर सांगितलं, काका म्हणत होते, पोर लहान आहे, परदेशी आहे, तुला ओळखत नाही, रागावू नकोस.

त्या देवळाला सान फ्रा फूम म्हणतात. फूम म्हणजे आपली भूमीच. जागेचा मूळ मालक तो, आपण त्याच्या डोक्यावर इमारत बांधली, मग त्याला एक घर नको?

तर लिहा तुमचेही प्रसंग. पॅकेज टूरचे नकोत, रोजच्या जगण्यातले हवेत.

माडाखालचा
अहो हा तर आमचा राखणदार! आम्ही पण नारळ ठेवतो, गाऱ्हाणं घालतो. स्ट्रॉ तेवढी घालत नाही. लाल रंग का, तर पूर्वी रक्त वाहायचे त्याच्या बदली, असं म्हणतात तिकडे.

धावपटू_नाही
बँकॉकचं लुंफिनी पार्क, संध्याकाळचे 6. कानात गाणी लावून पळत होतो. अचानक पुढचा माणूस थांबला. बाजूची बाई थांबली. एरोबिक्सवाले हात खाली घेऊन उभे. मला वाटलं बॉम्बची सूचना वगैरे, मी अजून जोरात पळालो! एका काकांनी डोळ्यांनीच दटावलं तेव्हा कानातलं काढलं. राष्ट्रगीत. रोज सकाळी 8 आणि संध्याकाळी 6, स्टेशनवर सुद्धा. संपलं की सगळे जिथल्या तिथून पुढे सुरू. स्टॅच्यू-ओव्हर!

फाटका मोजा
दाताच्या डॉक्टरकडे चपला बाहेर काढायच्या. आयडीवरून समजून घ्या.

सुगरणीची सून
आमच्या आईने सिग्नलवर मोगऱ्याच्या कळ्यांची माळ घेतली, 20 बाहत, आणि टॅक्सीत बसल्या बसल्या अंबाड्यात माळली. ड्रायव्हर आरशातून बघतोय. तशीच माळ त्याच्या आरशाला लटकलेली. ती फुआंग मालाय, बुद्धाला वाहायची, नाहीतर गाडीत टांगायची. गाडीची पण देवी असते, तिला. केसात कोणी घालत नाही. पण आईचं म्हणणं, "देवाला वाहून मीच घेतली असती ना, मधला टप्पा वाचला." यावर काय बोलणार. पुढे चार दिवस रोज माळली. हॉटेलातल्या मुलींनी शेवटी तिच्यासोबत फोटो काढून घेतला.

धावपटू_नाही
मधला टप्पा, हाहाहा. आईंना दंडवत.

ठाणे_व्हाया_हॅम्बुर्ग
सगळे देवाधर्माचं बोलताय, मुद्द्याचं कुणी बोलेना. जेट स्प्रे! तीन वर्षं युरोपात कागदावर काढून बँकॉकला उतरलो, विमानतळावरच्या पहिल्याच दाराआड डोळे भरून आले. गोऱ्यांना म्हणे हाच धक्का बसतो.

माडाखालचा
+1 (किंवा जितके देता येतील तितके)

नावात_काय
आमच्या ऑफिसात शेजारी मू, पलीकडे कुंग. म्हणजे डुक्कर आणि कोळंबी. बॉसचं नाव बँक. हे घरगुती नाव, च्यू लेन, प्रत्येकाला असतंच. कागदोपत्री नाव भलंमोठं संस्कृत-पालीतलं, ते कुणी वापरतच नाही. बाळाला मुद्दाम साधंसं नाव ठेवायचं, म्हणजे भुताखेतांचं लक्ष जात नाही. मी म्हटलं, आमचे आजोबा दगडू, त्यांचे भाऊ कचरू, सेम लॉजिक. मू इतकी हसली की चॅटवर सलग 5555 पाठवत राहिली.

जीएसटी_पीडित
त्या 555 ने माझा घात केलेला! क्लायंटला भाव पाठवला, उत्तर आलं "555". मी 555 बाहतला पडवडतं का याचं रात्री 11 पर्यंत गणित मांडत बसलो. थाईत पाच म्हणजे "हा". तो माझ्या भावावर हसत होता!

जीएसटी_पीडित
*परवडतं. मोबाईल.

गोळीवाली
औषधाच्या पाकिटावर एक्स्पायरी 2558. म्हटलं पणतवंडांना देता येईल. बुद्धाचं वर्ष, आपल्यापेक्षा 543 ने पुढे.

चातुर्मास_चालू
शाकाहारींनो, मांगसाविरत हा शब्द पाठ करा. मांसविरती! पण त्यावर विसंबू नका, फोडणीत माशाचं पाणी (फिश सॉस) पडलं तर ते कुणी मोजत नाही. "जे" (कडक शाकाहारी) विचारा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर. त्यात कांदा-लसूण पण नसतो, सासूबाईंची अख्खी ट्रिप निघाली. ऑक्टोबरच्या सुमाराला नऊ दिवस गावभर हे "जे" जेवण चालतं, साधारण आपल्या नवरात्राच्या आगेमागे.

ठाणे_व्हाया_हॅम्बुर्ग
कांदा-लसूण नाही मग चव कशाची?

चातुर्मास_चालू
या एकदा घरी, दाखवते.

आजीचा_नातू
बायका वाक्याशेवटी "खा" म्हणतात ना. सावत्दी खा, खापखुन खा. आजी तिसऱ्या दिवशी वैतागली, "काय सारखं खा खा, पोट आहे का पोतं?" मी थाई बायकोकडूनच शिकलो, त्यामुळे वर्षभर मी पण खा म्हणत फिरलो. पुरुषांनी खाप म्हणायचं असतं. कुणी सांगितलं नाही, नुसते गोड हसायचे. पण आजीचं सासूशी जमलं लगेच. भेटल्यावर तिथे विचारतात "किन खाव रु यांग", जेवलीस का? दोघी आपापल्या भाषेत हेच विचारत बसायच्या.

नावात_काय
कुंगची आई गेली तेव्हा देवळात गेलो होतो. काही दिवस रोज संध्याकाळी भिक्खू येऊन पठण करतात. दहनाच्या दिवशी निघताना सगळ्यांना एक पुस्तिका दिली. तिथे तशी पद्धतच आहे. त्यात तिच्या आईचे फोटो, थोडी माहिती आणि मागे सात-आठ पानं तिच्या हातच्या पाककृती. मला थाई वाचता येत नाही, कुंगने एक बसून सांगितली. भोपळ्याची, नारळाच्या दुधातली. अजून करतो घरी.

धाग्याचा मूड बदलला, सॉरी.

सुगरणीची सून
सॉरी काय त्यात. किती छान पद्धत. आमच्या आईची वही आहे तेलाचे डाग पडलेली, आता छापूनच घेते.
आणि भोपळ्याची लिहा ना इथेच.

लाल मिशांची आई (धागाकर्ती)
सगळे वाचतेय, एकेकाला उत्तर देते. लेकीला हा धागा दाखवला तर म्हणे, "मी उष्टी केली म्हणून तो देव अजून रागावला असेल का?" म्हटलं तूच विचार जाऊन, तिकीट तुझ्या पगारातून.
नावात_काय, भोपळा लाल का हिरवा?

नावात_काय
लाल. बीन्स नको. रात्री टंकतो, आत्ता कुकर लावलाय.