शब्दचर्चा: दोर लावून फांदी 'पाडणे', 'सोडणे' की 'उतरवणे'?

पारंबी:
झाडावर चढून फांद्या कापणाऱ्या लोकांसाठी मराठीत चारपाच पानांचं टिपण लिहितेय, त्यात अडलेय. विषय असा की फांदी नुसती कापून खाली टाकायची नाही, कारण खाली पत्रे असतात, गाड्या असतात, वायरी असतात. मग कापायच्या आधी फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या एखाद्या भक्कम फांदीवरून नाहीतर कप्पीतून फिरवून जमिनीवर आणायचा, खालच्या माणसानं तो खोडाला वेढे देऊन धरायचा आणि फांदी सुटली की सावकाश खाली घ्यायची. इंग्रजीत याला रिगिंग म्हणतात, पण आपल्याकडे रिगिंग म्हटलं की लोकांना मतदानाचे घोटाळेच आठवतात. शिवाय लोअरिंग लाइन (हाच वजन घेणारा दोर), टॅग लाइन, नॅचरल क्रॉच, टिप-टाय, बट-टाय यांना काय म्हणायचं? कोशातले 'रज्जुयोजन' वगैरे नकोत प्लीज, जो माणूस वर चढणारे त्याला कळलं पाहिजे.

आगरातला:
आमच्याकडे कोकणात हा फरक क्रियापदातच आहे. नारळ पाडतात, म्हणून वर चढणारा तो पाडेली. आंबे मात्र कोणी पाडत नाही, आंबे उतरवतात. झेल्यानं, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीनं, काढायचे, टोपलीत ठेवायचे आणि टोपली दोरानं खाली सोडायची. पडलेला आंबा पेटीत जात नाही हे सगळ्यांना माहितीय त्यामुळे शब्दही तसाच झालाय. तेव्हा फांदी आपटली तरी चालणार असेल तर 'पाडणे', दोरावर घेतली तर 'उतरवणे'. या कामाला 'उतरवणी' म्हणा, कोणाला समजावून सांगायला लागणार नाही.
बाकी दोराला आमच्या मालवणीत राजू म्हणतात, बावीवरचो राजू. पण ते घाटावर चालणार नाही, राजू म्हटलं की कोणीतरी ओ देईल.

बेचकं:
उतरवणीला +१
नॅचरल क्रॉच म्हणजे सरळ बेचकं. दोन फांद्या फुटतात ती जागा, गलोल करायला तोडतात तेच. काही भागात बेळकं म्हणतात. 'बेचक्यातून दोर घे' म्हटलं की झालं. फक्त टिपणात एक लिहा की बेचक्यातून भरला दोर घासत गेला की साल सोलवटते आणि दोरही खरवडतो, झाड ठेवायचं असेल आणि फांद्या बऱ्याच असतील तर कप्पी लावलेली बरी.

मोटेवरचा:
टॅग लाइनला शब्द आहे आणि चांगला जुना आहे, फक्त मोटा गेल्या म्हणून विसरलाय. मोटेला दोन दोर असायचे. एक नाडा, जाडजूड, तो चाकावरून जायचा आणि भरलेल्या मोटेचं सगळं वजन ओढायचा. दुसरा सोंदूर, बारीक, तो मोटेच्या सोंडेला बांधलेला, वजन उचलणं त्याचं काम नव्हतंच, सोंड वर धरून ठेवायची आणि थारोळ्यात, म्हणजे पाणी पडायच्या हौदात, बरोबर मोकळी होऊ द्यायची एवढंच. आता फांदीचं बघा. एक दोर वजन घेतो आणि दुसरा बारीक दोर फांदीला लावून खालचा दुसरा माणूस तिला बाजूला ओढून धरतो, म्हणजे ती फिरून खिडकीवर किंवा वर बसलेल्या माणसावर येत नाही. नाडा आणि सोंदूर, दुसरं काय! आमच्या भागातल्या साठीपुढच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

पारंबी:
@मोटेवरचा नाडा-सोंदूर वाचून मजा आली. पण वर चढणारी पोरं वीसबावीस वर्षांची आहेत हो, त्यांनी मोट चित्रातच पाहिलीय. आणि नाडा म्हटलं की ती हसणार, का ते सांगायला नको.

मोटेवरचा:
हसू देत की, लक्षात तरी राहील.

गोदीकर:
वस्तूंच्या नावांवर इतका खल चाललाय पण झाडाखाली नावं कोण घेतं? तिथं हाका असतात. हाकांचे शब्द आधी ठरवा.
मी गोदीत क्रेनच्या कामावर होतो. तिथं वर घ्यायला 'हबेस' आणि खाली घ्यायला 'आरिया'. हे जहाजावरच्या खलाशांच्या खिचडी बोलीतले शब्द, आरिया तर पोर्तुगीज 'आर्रियार' वरून आलाय, अर्थच मुळी शीड किंवा ओझं खाली सोडणे. आज बांधकामावर सुद्धा क्रेनखाली उभा माणूस, मग तो बिहारचा असो की बंगालचा, 'आरिया आरिया' ओरडतो आणि वरच्याला कळतं. का कळतं, कारण या शब्दाला दुसरा अर्थच नाही.
आणि आपण झाडावरून काय ओरडतो? 'सोड!' आता सोड म्हणजे काय? दोर हळूहळू पुढे सरकू दे, की हातातून टाकून दे? वरचा म्हणतो सोड, त्याच्या मनात ढील दे असतं, खालचा पूर्ण मोकळा करतो, मशीन आणि पाखरांचा आवाज असतो, सूर कळत नाही. माझ्या मते टिपणात 'सोड' हा शब्द बंदच करा. 'ढील' पतंगामुळे प्रत्येक पोराला येतो, तो घ्या. ढील म्हणजे सरकू दे, 'धर' म्हणजे आहे तिथं थांबव. आणि फांदी जमिनीवर टेकून गाठ सोडायची असेल तेव्हा 'मोकळा'.

सह्यभटक्या:
गोदीकरांशी १००% सहमत. कड्यावर रॅपलिंगला आम्ही पण हाका आधी ठरवून घेतो, आणि हाक दिली की समोरच्यानं तोच शब्द परत म्हणायचा, तो आला नाही तर काही करायचं नाही. वरून 'ढील', खालून 'ढील', मगच दोर हलणार. 'बास' पण टाळा, वाऱ्यात 'बास' आणि 'खाच' दोन्ही 'आऽ' ऐकू येतात.
शिवाय स्वतःचा दोर आणि ओझ्याचा दोर यांना दोन वेगळी नावं हवीतच, नाहीतर खालचा भलताच दोर धरेल. स्वतःच्या दोराला पोरं 'सेफ्टी' म्हणतात, ते तसंच राहू द्या. कापायच्या वेळी नुसती एक सेफ्टी पुरत नाही, दुसरा पट्टा खोडाभोवती घेऊन दोन ठिकाणी बांधून घ्यायचं, कारण चेनसॉ एका झटक्यात एक दोर उडवू शकते. रंग वेगळे ठेवा, म्हणजे 'लाल धर' म्हटलं की प्रश्न मिटला.

पारंबी:
'जीवदोर' कसा वाटतो सेफ्टीला?

सह्यभटक्या:
नको. ऐकायला छान आहे पण कोणी म्हणणार नाही. सेफ्टी.

वजनकाटा:
शब्दांच्या धाग्यात आकडे घुसवतोय, माफी, पण 'वेढा' या शब्दावर बोलायचंय. ओलं लाकूड पाण्याहून जरासंच हलकं असतं, कधी तेवढंच. ३० सेंटिमीटर जाडीचा, २ मीटर लांबीचा तुकडा म्हणजे साधारण १३०-१४० किलो. हा हातानं कोणी धरू शकत नाही. पण दोर खोडाला गुंडाळला की घर्षण बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतं. घर्षण गुणांक ०.२५ धरला तर एका पूर्ण वेढ्यात ४.८ पट, दोन वेढ्यांत २३ पट. म्हणजे १४० किलोला एका वेढ्यानंतर हातावर साधारण २९ किलो येणार आणि दोन वेढ्यांनंतर ६. दाव्याचं एक टोक खुंट्याला गुंडाळून शाळकरी पोर बैल थोपवतं तेच.
म्हणून टिपणात 'दोर गुंडाळा' असं मोघम लिहू नका, 'दोन वेढे' असं आकड्यात लिहा. आणि चारपाच वेढे मारून बसणारे पण असतात, त्यांना वाटतं जास्त म्हणजे सुरक्षित. तसं नाही, मग दोर सरकतच नाही, फांदी एकदम अडकते आणि हिसका बसतो. कप्पी ज्या फांदीवर टांगलीय तिच्यावर तर नुसती लटकलेली असतानाच वजनाच्या जवळजवळ दुप्पट ताण असतो, दोन्ही बाजूचे दोर तिलाच खाली ओढतात ना. वरून हिसका आला तर तो त्याच्या कितीतरी पट, आणि बहुतेक वेळा चढणारा त्याच खोडाला बांधलेला असतो.

आगरातला:
'हिसका' हा शब्द ठळक टाईपात छापा. शॉक लोड म्हटलं तर विजेचा वाटेल.

विदर्भी पोट्टा:
टिप-टाय बट-टायचं कोनी बोलूनच नाई राह्यलं. फांदीच्या शेंड्याकडं दोर बांधला तर कापल्यावर बुडखा पयले खाली येते, बुडख्याकडं बांधला तर शेंडा पयले झुकते. मंग 'शेंडाबांध' आन् 'बुडबांध' म्हना ना, सिद्धी गोष्ट हाय. आनखी एक, बजारात जे निळी हिरवी प्लास्टिकची दोरी भेटते ते या कामाले बिलकुल नोको. गाठ घसरते, उन्हानं कडक होते, आन् वेढ्यावर जोरात सरकली का गरम होऊन वितळते.

पारंबी:
शेंडाबांध, बुडबांध घेतले! मस्त.
आता गाठी. रनिंग बोलाइनला काय म्हणू?

सह्यभटक्या:
बोलाइनला बोलाइनच म्हण, सगळे म्हणतात.

मोटेवरचा:
सगळे म्हणजे ट्रेकवाले. मराठीत गाठींची जात दोन शब्दांत सांगता येते. ओढली की सुटते ती सुरगाठ, ओढली की आवळते आणि सहज सुटत नाही ती निरगाठ. आणि जो फास ओझं पडलं की आवळत जातो तो सरफास. तुमची रनिंग बोलाइन म्हणजे दोराच्या टोकाला न सरकणारा डोळा आणि त्यातून तोच दोर ओवून केलेला सरफास. खालून फेकून वरच्या फांदीवर पण आवळता येतो. स्काउटच्या हिंदी पुस्तकांत क्लोव्ह हिचला खूँटा फाँस असतं, मराठीत खुंटा फास म्हणा, पण त्याच्यापुढं आणखी अर्धा वेढा टाका, एकटा तो ओल्या सालीवर फिरतो.

बेचकं:
सुरगाठ शब्द टिपणात घातलात तर सोबत 'ओझ्याला सुरगाठ नाही' हे पण लिहा, कारण पोरं बुटाच्या लेससारखी गाठ मारतात, पाहिलंय.

गोदीकर:
गाठीवरून आठवलं, कप्पी कुठली लावणार? विहिरीवरची लोखंडी कप्पी लावू नका, तिचा आकडा उघडा असतो, दोर उडी मारून बाहेर येतो. बंद तोंडाची हवी.

पारंबी:
नोंदवलं. आता एकच राहिलं. फांदी कापताना खालून आधी थोडं कापतात, मग वरून, म्हणजे ती साल ओढत खोडापर्यंत चिरत जात नाही. या खालच्या कापाला काही शब्द? 'अधःकाप' लिहिलं होतं, मलाच हसू आलं.

विदर्भी पोट्टा:
खाच. आंदी खालून खाच, मंग वरून काप. आन् खोडाजवळ जो फुगलेला भाग र्‍हाते तो कापाचा नाई, जखम तिथूनच भरते.

आगरातला:
खाचच. आणि साल ओढत चिरत गेली तर तिला आमच्याकडे 'फांदी फाटली' म्हणतात, कापड फाटावं तशी. कलमाची फांदी फाटली की म्हातारे लोक दिवसभर जेवत नाहीत.

पारंबी:
'सोड' काढून टाकलाय, सगळीकडे 'ढील' केलं. पण 'खाच' हाकेत नको ना मग? सह्यभटक्या म्हणतोय वाऱ्यात 'आऽ' ऐकू येतं.

गोदीकर:
खाच वरचा स्वतःच मारतो, त्याला खालच्याला ओरडून सांगायची काय गरज. फक्त शेवटचा काप सुरू करायच्या आधी एक हाक पाहिजे, आणि तेव्हा खाली फांदीच्या पल्ल्यात कोणी उभं नसल्याचं दोर धरणाऱ्यानं बघून उत्तर द्यायचं. त्या हाकेला शब्द सुचवा कोणीतरी, 'चाललो' नको.

विदर्भी पोट्टा:
'येऊन राह्यली'

पारंबी:
😂 विदर्भात छापायच्या प्रतीत नक्की. बाकीकडे 'आली' चालेल?

सह्यभटक्या:
'आली' म्हणजे आधीच आली असं वाटेल. 'येतेय' करा, आणि खालच्यानं 'येऊ दे' म्हटल्याशिवाय मशीन लाकडाला लावायची नाही.