उभ्या उसात चरग टाकावा का?

प्रश्न (अथणीची सून)
आमचे शेत अथणी तालुक्यात आहे. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे एळ्ळ अमावस्येला, सासूबाई शेतात पाच दगड मांडून, त्यांना चुना-कुंकू लावून पांडव म्हणून पूजतात आणि नैवेद्यानंतर शेतभर चरग, म्हणजे नैवेद्यातले कालवलेले अन्न, टाकतात. पूर्वी तिथे शाळू (रब्बी ज्वारी) आणि हरभरा असे. कालव्याचे पाणी आल्यापासून सगळा ऊसच आहे. यंदा हे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले आहे. उभ्या उसात चरग टाकणे रीतीला धरून होईल का, आणि चरगात काय काय असावे?

उत्तर १ (चिकोडीचे काका)
ताई, अवश्य टाका. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला शाळू या सुमारास पोटरीत येतो, म्हणजे कणीस पोटात धरतो, किंवा निसवू लागतो, म्हणून आमच्याकडे या दिवसाला भुईचे डोहाळजेवण मानतात. जेवू घालायचे ते भुईला; तिच्यावर कोणते पीक उभे आहे, हा प्रश्न नंतरचा. आमच्या घरी तीळ लावलेली बाजरीची कडक भाकरी, कडबू, शेंगांची होळगी, भरली वांगी, पुंडी पल्ल्या म्हणजे अंबाडीची भाजी, कारळाची चटणी आणि दहीभात एवढे होते. प्रत्येकातले थोडे थोडे एकत्र कालवून एकाने टाकत पुढे जावे आणि दुसऱ्याने मागून पाणी शिंपडत यावे. माणसांची पंगत त्यानंतरच बसते, हे मात्र कटाक्षाने पाळा.

उत्तर २ (मूळ लातूरची, सध्या बेळगाव)
आमच्याकडे याच सणाला येळवस किंवा वेळ अमावस्या म्हणतात. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ हे इथे आल्यावर कळले, तेव्हा माहेरच्या शब्दाचा अर्थ सासरी सापडल्यासारखे वाटले. तिकडे कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून तिच्यात पूजा मांडतात आणि आंबील व भज्जी यांच्याशिवाय सण होत नाही. आपल्या शेतात आता कडबा नसेल, तर शेजाऱ्यांकडून एखादी पेंढी मागून घ्यावी.

उत्तर ३ (गोकाकचा शेतकरी)
काकांच्या मताला मी पूर्ण सहमत नाही. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे शीगी हुण्णिमेलाही आपण चरग टाकतो. तो खरिपाच्या उभ्या पिकांचा मान आणि एळ्ळ अमावस्येचा रब्बीचा. त्यामुळे हा चरग शाळूशी बांधलेला आहे, असे मला वाटते. शिवाय दाट उसाच्या आत टाकलेला घास पाखरांना दिसतही नाही, आणि पाखरे चरगाला आली की पिकावरच्या अळ्याही वेचतात, असे आमचे वडील सांगत. म्हणून चरग बांधाने फिरून टाकावा आणि पुढच्या हंगामात विहिरीजवळ शाळूची चार तासे, म्हणजे ओळी, तरी पेरावीत.

अथणीची सून
सर्वांची मनापासून आभारी आहे. चार तासांचे सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी माळ्यावरच्या गाडग्यात जपून ठेवलेले शाळूचे बियाणे काढून दाखवले. यंदा चरग बांधाने फिरूनच टाकू.