चिकुनगुन्यानंतर आईची सांधेदुखी थांबत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईला (वय ५९, पुणे) पावसाळ्याच्या शेवटी चिकुनगुन्या झाला. रक्ततपासणीत आयजीएम (ताज्या संसर्गाची खूण) पॉझिटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह. ताप आठवड्याच्या आत उतरला, पण तीन महिने उलटून गेले तरी सांधे धरलेलेच आहेत.

सकाळी तासभर तरी बोटं वळत नाहीत. गॅसचं बटण फिरवणं, कणीक मळणं, काहीच जमत नाही. घोटे सुजतात, खाली बसलं की उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. दुपारी जरा मोकळं वाटतं, संध्याकाळी पुन्हा ठणका. मधे केस खूप गळले, नाकावर काळपट डाग आले. ते हळूहळू जाईल असं डॉक्टर म्हणाले, त्याची चिंता नाही. चिंता बोटांची आहे, कारण आई ब्लाउज शिवते आणि हातात कात्री धरवत नाही. लग्नसराईची कामं परत पाठवावी लागली, त्याने ती फार खचली आहे.

फॅमिली डॉक्टरांनी थोडे दिवस स्टिरॉइड दिलं. दुखणं एकदम कमी झालं, पण तिला मधुमेह आहे, साखर खूप वाढली. गोळ्या थांबवल्यावर सूज परत आली. बीपीही असल्यामुळे पेनकिलर रोज नको म्हणतात, किडनीवर ताण येतो. आता आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि सीआरपी या संधिवात आणि सूज बघणाऱ्या रक्ततपासण्या करून संधिवाततज्ज्ञांकडे जायला सांगितलंय.

घरात मात्र दोन मतं आहेत. मामाला २००६ च्या साथीत झाला होता, त्याचं वर्षभराने आपोआप थांबलं, म्हणून तो म्हणतो थांबा. शेजारच्या काकूंनी कुठल्यातरी वैद्यांच्या पुड्या आणून दिल्या. वर नाव नाही, काही नाही. अशा पुड्यांत कधीकधी स्टिरॉइडच मिसळलेलं असतं, म्हणून मी त्या दिल्या नाहीत.

तुमच्यापैकी कुणाला किंवा घरच्यांना इतकं लांबलं होतं का? हायड्रॉक्सीक्लोरोक्विन किंवा मेथोट्रेक्सेट यांसारखं संधिवाताचं औषध सुरू करावं लागलं का, फरक कधी पडला, पुढे बंद करता आलं का? मधुमेह असलेल्यांचा अनुभव असेल तर आवर्जून लिहा. बोटांसाठी फिजिओथेरपीचा उपयोग झाला का, की सूज असताना व्यायामाने त्रास वाढला? औषधांचे डोस नकोत, ते डॉक्टरच ठरवतील.

पुढच्या आठवड्यात तज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. तिथे न विसरता काय विचारावं, तेही सांगा.