मदत हवी आहे: एल यीस्ट वापरून ऑक्टोबरफेस्ट धाटणीची माल्टी बिअर

नमस्कार मंडळी,

बेलापूरला मित्राचं छोटं ब्रूपब आहे, परवाना वगैरे सगळं रीतसर. परवान्याशिवाय घरी बिअर करणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही, त्यामुळे माझं वीस लिटरचं सगळं बिऱ्हाड त्याच्या मागच्या खोलीत हलवलंय. त्याच्यासाठी चाचणीच्या बॅच तिथेच करतो. दसऱ्यापासून एक तांबूस, माल्टी, मार्झेनसारखी (बव्हेरियाची जुनी ऑक्टोबरफेस्ट बिअर) बिअर नळावर हवी असं त्याच्या मनात आहे. अट एकच, लागर यीस्ट (थंडीत सावकाश आंबवणारं) वापरायचं नाही. लागरने टाकी सहा-आठ आठवडे अडकते आणि त्याच्याकडे टाक्या मोजक्या. एल (जरा उबेत, लवकर आंबणारी) दोन आठवड्यांत टाकी मोकळी करते, पुढचं मुरणं केगमध्ये (बिअरच्या बंद पिंपात), कोल्ड रूमला.

सध्या श्रावण असल्याने किचनमधला सुरमई-कोळंबीचा आडवा डीप फ्रीजर रिकामा पडलाय. त्याला बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावून घेतलाय. गणपती होईपर्यंत फ्रीजर माझा. नंतर मासळी परत येणार.

रेसिपी अशी ठरवली आहे: म्युनिक माल्ट अडीच किलो, व्हिएन्ना दीड किलो, पिल्सनर एक किलो, मेलनॉयडिन दोनशे ग्रॅम. हॉप्स हॅलरटाऊ मिटलफ्रू (४ टक्के अल्फा, म्हणजे कडूपणा देणारं आम्ल), ३५ ग्रॅम साठ मिनिटांना, १५ ग्रॅम शेवटच्या वीस मिनिटांना. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, त्यावरून साखर कळते) १.०५६ धरली आहे.

यीस्ट यूएस-०५, नॉटिंगहॅम किंवा के-९७, तिन्ही सुकी पाकिटं हाताशी आहेत. यातलं कुठलं घेऊ? फ्रीजर किती अंशांवर लावू? फळांचा वास अजिबात नको, आणि बिअर पार कोरडीही व्हायला नको. रंगासाठी तीनशे ग्रॅम कॅरामल माल्ट घाल असं मित्र म्हणतोय, त्यावरही मत द्या.

जवाचं_पाणी:
सरळ डब्ल्यू-३४/७० हे लागर यीस्ट टाका की! ते यीस्ट १८-१९ अंशांनाही बऱ्यापैकी स्वच्छ चालतं, आठ आठवडे कोण थांबतंय? एलचा हट्ट का?

धागाकर्ता:
मी हेच सांगून पाहिलं. त्याच्या सगळ्या टाक्या एल यीस्टवर चालतात, एकाच बिअरसाठी दुसरं यीस्ट सांभाळायला तो तयार नाही. टाक्या त्याच्या, त्यामुळे शब्द त्याचा.

खारफुटी:
मग एलच करा, त्यात कमीपणा काही नाही. ड्युसेलडॉर्फची आल्टबिअर आणि कोलोनची क्योल्श दोन्ही एल यीस्टच्याच, फक्त थंड आंबवून थंडीत मुरवलेल्या. तुम्ही करताय ती मार्झेनच्या धान्याची, आल्टच्या पद्धतीची बिअर.

मार्झेन तरी मुळात हवामानाचीच सोय. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायलाच बंदी होती, उन्हाळ्यात नासते म्हणून. मार्चमध्ये जरा कडक करून तळघरात ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. तांबूस मार्झेन म्युनिकच्या मेळ्यात आली ती १८७२ साली. आज तिथल्या तंबूंत मिळते ती बरीच फिकट, सोनेरी असते, तेव्हा मित्राने फोटो बघून हट्ट धरला असेल तर आधी एकदा विचारून घ्या. तांबूसच हवी असेल तर तुमचं धान्य अगदी बरोबर आहे.

कॅरामल मात्र नको. त्याने येतो तो चिकट, टॉफीचा गोडवा. मार्झेनमध्ये हवी पावाच्या भाजलेल्या कडेची चव, आणि शेवट बऱ्यापैकी कोरडा. ती चव म्युनिक माल्टच देतो. रंग कमी वाटला तर म्युनिकचाच गडद प्रकार, टाइप २, अर्धा-अर्धा करा.

आता यीस्ट. यूएस-०५ सोळा अंशांखाली नेलं की अनेकांना पीचसारखा वास येतो, तुम्हाला तर थंडच ठेवायचंय. के-९७ चवीला छान, जर्मन वळणाचं. पण फेस एवढा काढतं की झाकण उडतं, आणि तळाशी बसायला वेळ खातं. दसऱ्याची घाई असेल तर नॉटिंगहॅम घ्या. ते १४ अंशांनाही काम थांबवत नाही आणि खाली घट्ट बसतं. खोड एकच, साखर फार खातं. म्हणून मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं धान्य) ६७-६८ अंशांवर ठेवा, म्हणजे त्याला न पचणारी साखर जास्त उरेल. शेवटची ग्रॅव्हिटी १.०१३ च्या आसपास थांबली तर अल्कोहोल साडेपाच-पावणेसहा टक्के, म्हणजे मार्झेनच्या पट्ट्यात. थंडीत सुरू करणार असाल तर दोन पाकिटं टाका, एकावर भागवू नका.

मोरबेकर:
खारफुटी यांनी यीस्टचं सांगितलंच आहे, मी थंडाव्याचं सांगतो, कारण नवी मुंबईत घोडं तिथेच अडतं. आपल्या नळाचं पाणीच या दिवसांत २७-२८ अंशांचं, त्यामुळे तांब्याच्या कॉइलने वर्ट (उकळलेलं, अजून न आंबलेलं माल्टचं पाणी) तिशीच्या खाली जातच नाही. बरेच जण इथेच कंटाळून यीस्ट टाकतात. तसं करू नका. बादली झाकून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, १४ अंशांवर आली की मगच यीस्ट. स्वच्छता नीट पाळली असेल तर रात्रभराने काही बिघडत नाही.

कंट्रोलरचा सेन्सर फ्रीजरच्या हवेत लटकवू नका. बादलीच्या बाहेरून चिकटवा, वरून जाड फोमचा तुकडा, त्यावर टेप. आंबताना वर्ट स्वतः तापतं, हवेपेक्षा तीन-चार अंश सहज वर जातं. हवा १५ दाखवत असते आणि आत १९ झालेलं असतं. फळांचा वास बहुतेक पहिल्या तीन दिवसांतच ठरतो, तेवढे दिवस १४-१५ च्या वर जाऊ देऊ नका. फेस बसायला लागला की रोज एक अंश वाढवत १९ पर्यंत न्या आणि तिथे तीन-चार दिवस राहू द्या, म्हणजे लोण्याचा वास राहिलाच असेल तर यीस्ट तोही खाऊन टाकेल. ग्रॅव्हिटी दोन दिवस तीच आली की थेट २ अंशांवर. त्यानंतर तीन आठवडे तरी हात लावू नका.

पाणी आपलं धरणाचं, मऊ आहे. एकूण तीस लिटरला पाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पुरे, जिप्सम नको, त्याने कडूपणा टोचतो. क्लोरीनसाठी चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाका, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो.

आणि हो, फ्रीजरला सुरमईचा वास किती आहे?

धागाकर्ता:
खूप आभार! नॉटिंगहॅम नक्की, कॅरामल बाद. मित्राला विचारलं, त्याला तांबूसच हवी आहे. वास आहे, खोटं कशाला बोलू. आतून दोनदा धुतला तरी झाकण उघडलं की भाऊचा धक्का.

मोरबेकर:
वास झाकणाच्या रबरात असतो. रबर ओढून काढा, त्याच्या घडीत काळं साचलेलं दिसेल. खायच्या सोड्याने आणि जुन्या टूथब्रशने घासा, उन्हात वाळवा (ऊन पडलं तर). आंबत असताना गॅस बाहेर ढकलला जातो, तेव्हा भीती नाही. थंड करताना मात्र बादली आतली हवा ओढते, ती मासळीची. त्या वेळी एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी झडप) काढून बुचाचं भोक बंद करा किंवा गॅसने भरलेला फुगा लावा.

जवाचं_पाणी:
माल्टचा स्वाद वाढवायला डिकॉक्शन करून बघा. मॅशमधलं तिसरा हिस्सा घट्ट धान्य काढून पंधरा मिनिटं उकळायचं आणि परत ओतायचं. जाड बुडाचं पातेलं घ्या आणि ढवळणं सोडू नका, बुडाला लागलं तर करपट वास शेवटपर्यंत जात नाही.

खारफुटी:
मेलनॉयडिन माल्ट त्याचसाठी घातलाय की. दोन्ही केलं तर जड होईल. आणि पाचशे लिटरच्या टाकीला मित्र डिकॉक्शन करणार आहे का? जे मोठ्या बॅचमध्ये होणार नाही ते चाचणीत करून काय उपयोग.

धागाकर्ता:
पटलं, डिकॉक्शन नाही. एक शेवटचं: नितळ व्हावी म्हणून जिलेटिन टाकू का? पबमध्ये बरीच शाकाहारी मंडळी येतात.

खारफुटी:
मग जिलेटिन नको, ते जनावराच्या हाडा-कातड्याचं. आयसिंग्लासही नको, ते माशाचं. उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत आयरिश मॉस टाका, ते समुद्री शेवाळ आहे. बाकीचं काम नॉटिंगहॅम आणि थंडी करतील. केगमधला पहिला ग्लास गढूळच येईल, तो तुम्ही प्या.